‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणाऱ्या भाच्याला शिकवायचं कसं?

प्रश्न: माझा भाचा सहावीत आहे आणि भाची नववीत. सुट्टीत दोघं माझ्याकडे असतात, तेव्हा त्यांचं इंग्रजी मी घेतो. भाचा सर्रास ‘आय ॲम बोअरिंग’, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन चेस’ असं बोलतो. मी त्याला सोपं सूत्र दिलं: माणसाबद्दल असेल तर शब्दाच्या शेवटी ईडी (-ed), वस्तूबद्दल असेल तर आयएनजी (-ing). काही दिवस बरं चाललं. मग त्याने निबंधात लिहिलं, ‘अवर नेबर इज अ बोअर्ड मॅन, ही टॉक्स फॉर अवर्स.’ शेजारी रटाळ आहेत असं त्याला म्हणायचं होतं. मी चूक दाखवली, तर म्हणतो, ‘पण ते माणूसच आहेत ना?’ त्यात भाचीने विचारलं, ‘अ वरीड लुक’ असं वाचलंय, लुक काय माणूस आहे का? मी निरुत्तर झालो. हे शिकवायचं कसं? यादी पाठ करून घेऊ का?
— एक मामा

उत्तर:

सहीच तशी केली आहे, तेव्हा मीही तुम्हाला मामाच म्हणते.

मामा, भाच्याने काहीही वावगं केलेलं नाही. तुम्ही दिलेलं सूत्र त्याने इमानेइतबारे पाळलं आणि ते त्याला जिथे नेऊन पोचवणार होतं तिथे पोचवलं. हे सूत्र तुम्ही एकट्यानेच दिलंय असंही नाही. शिकवणीत, गाइडमध्ये, बऱ्याच ठिकाणी हेच सांगतात, कारण गाळलेल्या जागा भरताना ते बहुतेक वेळा जुळून येतं. प्रश्न काढणारेही ‘द मूव्ही वॉज…’ आणि ‘द चिल्ड्रन वेअर…’ याच्या फारसे पलीकडे जात नाहीत. पण मूल स्वतःच्या मनातलं लिहायला लागलं की सूत्र कोलमडतं. बोअरिंग शेजारी असतात, चार्मिंग मुलगी असते, अनॉइंग भाऊ तर घरोघरी असतो. उलट खुर्ची ब्रोकन असते, पान टॉर्न असतं, दार क्लोज्ड असतं, आणि यातलं एकही माणूस नाही. तेव्हा माणूस-वस्तू हा भेद आजपासून सोडून द्या. भाच्यालाही सरळ सांगा की ते सूत्र आता रद्द. मुलांना सूत्र रद्द झालेलं चालतं, धरसोड झालेली चालत नाही.

मग धरायचं काय? मूळ क्रियापद.

आपल्या मुलांच्या डोक्यात ‘बोअर’ म्हणजे ‘कंटाळणे’ असतं. तिथेच सगळं बिघडतं. इंग्रजीत ‘टू बोअर’ म्हणजे कंटाळा आणणे. ‘फ्रायटन’ म्हणजे घाबरवणे, घाबरणे नव्हे. ‘कन्फ्यूज’ म्हणजे गोंधळात टाकणे, ‘सरप्राइज’ म्हणजे चकित करणे, ‘डिसअपॉइंट’ म्हणजे निराश करणे. भावनेची बहुतेक इंग्रजी क्रियापदं अशी दुसऱ्यावर काहीतरी करणारी आहेत. मराठीत नेमकं उलटं. आपलं साधं क्रियापद ज्याला वाटतं त्याच्या बाजूचं असतं: घाबरणे, दमणे, गोंधळणे, कंटाळणे, हादरणे. दुसऱ्याला तसं करायचं म्हटलं की आपण त्यात ‘व’ घालतो आणि घाबरवणे, दमवणे, हादरवणे असं प्रयोजक रूप करतो.

आता वर्गात काय होतं बघा. ‘आयएनजी म्हणजे -णारा’ असं मुलं कधीतरी ऐकतात. रनिंग बॉय म्हणजे धावणारा मुलगा, हे बरोबरच आहे. त्याच चालीवर ‘घाबरणारा मुलगा’ डोक्यात येतो आणि वहीत ‘फ्रायटनिंग बॉय’ उतरतो, म्हणजे ज्याला बघून लोक पळतील असा मुलगा! बिचारा अंधारात जायला घाबरतो एवढंच सांगायचं होतं. एक ‘व’ राहिला आणि भित्र्याचा भयंकर झाला.

म्हणून भाच्याला ‘-णारा’ शिकवू नका, जोडी शिकवा: करणारा आणि झालेला. चकित करणारा तो सरप्राइजिंग, चकित झालेला तो सरप्राइज्ड. निराश करणारा डिसअपॉइंटिंग, निराश झालेला डिसअपॉइंटेड. घाबरवणारा आणि घाबरलेला, दमवणारा आणि दमलेला, हादरवणारा आणि हादरलेला, गोंधळात टाकणारा आणि गोंधळलेला. कंटाळ्याची जोडी तर मराठीत तयारच आहे, कंटाळवाणा आणि कंटाळलेला. कंटाळवाणा तो बोअरिंग, मग तो तास असो, भाषण असो की शेजारचे काका. हे फक्त मराठीतून बोलून घेतलं तरी अर्धं काम होतं. मी तर म्हणते, पहिल्या दिवशी इंग्रजी शब्द काढूच नका. ‘परीक्षेचा निकाल कसा होता? मुलं कशी होती?’ असे प्रश्न टाका आणि त्याच्या तोंडून ‘निराश करणारा’, ‘निराश झालेली’ येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी थोडं नाटक करा. भाचीला दाराआड उभं करा, भाच्याला बाहेरून येऊ द्या, आणि तिने ‘भॉक्’ करायचं. तो दचकला की लगेच विचारा: फ्रायटन कुणी केलं? ताईने. मग ताई कोण? फ्रायटनिंग. फ्रायटन कोण झालं? मी. मग तू कोण? फ्रायटन्ड. आता अदलाबदल करा, म्हणजे माणसं तीच राहतात आणि विशेषणं बदलतात. तिसऱ्या खेपेला दाराआड कुणी नको, उंबऱ्यावर नुसता रबरी कोळी ठेवा. कोळी फ्रायटनिंग. आता विचारा, कोळी फ्रायटन्ड होऊ शकतो का? रबरी होणार नाही, खरा नक्की होईल, कुणी चप्पल घेऊन धावलं की! या एका प्रश्नात माणूस-वस्तूचं सूत्र मुलाच्या डोक्यातून आपोआप निघून जातं.

मग एक चित्र काढून घ्या. स्टेजवर वक्ता, समोर जांभया देणारे श्रोते. वक्त्याकडून श्रोत्यांकडे एक बाण. बाण निघतो तिथे आयएनजी, बाण लागतो तिथे ईडी. नंतर वक्त्यालाही जांभई देताना काढायला सांगा. आता तो कोण? बोअरिंगही आणि बोअर्डही. तेच तेच भाषण देऊन स्वतःही कंटाळलाय बिचारा. एकाच माणसाला दोन्ही विशेषणं लागू शकतात हे भाच्याला चित्रात दिसलं की शेजाऱ्यांचं वाक्य तो स्वतःच दुरुस्त करेल.

तुमच्या भाच्यापेक्षा लहान मुलं कुणी शिकवत असेल, तर भावनांपासून सुरुवात न केलेली बरी. भावना दिसत नाहीत. फाटलेलं पान, तुटलेली खुर्ची, हरवलेली किल्ली, गोठलेलं तळं डोळ्यांना दिसतात, आणि इथे मराठी-इंग्रजीची वाट एकच आहे: टॉर्न पेज, ब्रोकन चेअर, लॉस्ट की, फ्रोझन लेक. यातल्या एकाही शब्दाला ईडी नाही हेही आपोआप कळतं. क्रियापदाचं तिसरं रूप (ब्रेक-ब्रोक-ब्रोकन मधलं ब्रोकन) वापरायचं, मग ते ईडीवालं असो की वेगळं. पाण्याचं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं आहे. बॉइलिंग वॉटर म्हणजे उकळतं पाणी, बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं. मुलाला विचारा, बोट कशात घालशील? बॉइल्ड वॉटर गार झालेलं असू शकतं, बॉइलिंग वॉटर कधीच नाही. फॉलिंग लीव्ह्ज अजून हवेत आहेत, फॉलन लीव्ह्ज जमिनीवर. इथे ‘करणारा आणि झालेला’ ऐवजी ‘चाललंय आणि झालंय’ असा फरक आहे. तो वेगळा सांगावा लागतो, पण मुलांना तो पटकन कळतो.

मात्र याच ठिकाणी मराठीचा एक खड्डा आहे, आणि त्यात नववी-दहावीची मुलंही पडतात. ‘झोपलेलं बाळ’ याचं ‘स्लेप्ट बेबी’ करतात. आपल्याकडे -लेला हा चालू स्थितीलाही लागतो. झोपलेला, बसलेला, उभा राहिलेला माणूस आत्ता, या क्षणी तसाच आहे. इंग्रजीत तिथे आयएनजी लागतं: स्लीपिंग बेबी, सिटिंग मॅन. तसंच ‘आलेले पाहुणे’ म्हणजे ‘केम गेस्ट्स’ नव्हे आणि ‘अराइव्ह्ड गेस्ट्स’ही नव्हे. कारण असं की इंग्रजीत तिसरं रूप नामाआधी विशेषण म्हणून येतं ते मुख्यतः सकर्मक क्रियापदांचं. अकर्मकांपैकी थोडीच तशी चालतात, ज्यांत काहीतरी बदलून गेलेलं असतं. फॉलन चालतं, फेडेड चालतं, रिटायर्ड चालतं, एस्केप्ड चालतं. बाकीच्यांना सरळ ‘हू’ लावून वाक्य लांबवायचं, ‘द गेस्ट्स हू हॅव अराइव्ह्ड’. मेलेल्या उंदराला ‘डेड’ हे स्वतंत्र विशेषण आहे, ‘डाइड रॅट’ म्हणायचं नाही. भाच्याला यातलं फक्त ‘स्लीपिंग बेबी’ पुरे. सकर्मक-अकर्मक भाचीसाठी ठेवा. शाळेत मराठी व्याकरणात तिने ते शिकलेलं असेल, आणि ते इथे कामी येतंय हे बघून तिला बरं वाटेल.

आता एका गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधते, जी पत्रात नाही पण तुमच्या घरात नक्की असणार. मुलं ‘आय ॲम कन्फ्यूज’, ‘आय ॲम शॉक’, ‘ही इज इम्प्रेस’ असंही बोलतात. आपण इंग्रजी क्रियापदं मराठीत आणली ती उघडीच आणली. मी कन्फ्यूज झालो, ती शॉक झाली, सर इम्प्रेस झाले. ‘झालो’ने आपलं काम भागतं, त्यामुळे शेवटच्या ईडीची गरजच पडत नाही. इंग्रजी बोलताना ‘झालो’च्या जागी ‘ॲम’ येतं आणि शब्द तसाच उघडा राहतो. ही व्याकरण न कळल्याची चूक नाही, सवयीची आहे. त्यामुळे नियम सांगून ती जात नाही, कानावर आणि जिभेवर काम करावं लागतं.

कानासाठी एवढं सांगा की ईडीचे उच्चार तीन आहेत. मूळ शब्द ट किंवा ड या आवाजाने संपत असेल तर ‘इड’ असा पूर्ण अवयव, म्हणजे उच्चाराचा एक वेगळा तुकडा, वाढतो: एक्सायटिड, इंटरेस्टिड, डिसअपॉइंटिड. क, प, फ, स, श, च असा घशात थरथर न होणारा आवाज शेवटी असेल तर नुसता ट: शॉक्ट, इम्प्रेस्ट, एम्बॅरस्ट. बाकी सगळीकडे ड: बोअर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड. घशावर बोट ठेवून शेवटचा आवाज काढायला सांगा, थरथर जाणवली तर ड, नाही जाणवली तर ट. मुलांना हा खेळ फार आवडतो. हा ट किंवा ड अगदी ओझरता असतो. पुढे ‘टू’ किंवा ‘द’ आलं की ‘आय वॉज सरप्राइज्ड टू सी’ यातला ड तर जवळजवळ गिळलाच जातो. फक्त ऐकून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला तो ऐकूच येत नाही, म्हणून तो लिहीतही नाही. यावर माझा उपाय जुनाच आहे, श्रुतलेखन. रोज चार-पाच वाक्यं द्या, आयएनजी आणि ईडी मिसळून, नेहमीच्या वेगात वाचून. काय ऐकू आलं आणि अर्थाने काय असायला हवं, या दोन्हींचा मेळ घालून मूल लिहायला लागतं.

भाचा ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणाला की ‘चूक!’ असं ओरडू नका. व्याकरणाने ते वाक्य अगदी शुद्ध आहे, फक्त त्याचा अर्थ ‘मी रटाळ आहे’ असा होतो. तोच अर्थ गंभीर चेहऱ्याने त्याला ऐकवा: ‘अरेरे, कोण म्हणालं तुला असं?’ हसू येईल, आणि हसून झालेली दुरुस्ती टिकते. फक्त हे दोघांत करायचं, चारचौघांत नाही.

व्याकरण पक्कं असलेल्या भाचीला आणखी एक खाचखळगा दाखवून ठेवा. ‘शी इज सिंगिंग’ आणि ‘द स्टोरी इज एक्सायटिंग’ वरून सारखीच दिसतात, पण पहिल्यात काळ आहे आणि दुसऱ्यात विशेषण. मध्ये ‘व्हेरी’ घालून बघायचं. ‘व्हेरी एक्सायटिंग’ म्हणता येतं, ‘व्हेरी सिंगिंग’ म्हणता येत नाही. ही चाचणी भावनेच्या शब्दांपुरतीच ठेवायची. ब्रोकन, टॉर्न, बॉइल्ड यांना व्हेरी सहसा लागत नाही, तरी ती विशेषणंच आहेत.

यादीचं विचारलंत. पाठ करून घ्या, पण मोठी नको. रोजच्या बोलण्यात लागणाऱ्या दहा-बारा जोड्या घ्या, आणि त्या जोडीनेच घ्या. एकटा शब्द पाठ केला की दुसरा कुठला ते आठवत नाही. प्रत्येक ईडीवाल्या शब्दाला त्याचं शब्दयोगी अव्यय चिकटवूनच द्या: इंटरेस्टेड इन, टायर्ड ऑफ, बोअर्ड विथ, एक्सायटेड अबाउट, वरीड अबाउट, सरप्राइज्ड ॲट. ‘इंटरेस्टेड’ एवढंच शिकवलं तर तो पुढे ‘अबाउट’ही लावेल आणि ‘फॉर’ही. ‘इंटरेस्टेड इन’ हा एकच शब्द असल्यासारखा द्यायचा. तुमच्या भाच्याचं ‘इन’ आधीच बरोबर आहे, त्याबद्दल त्याला शाबासकी द्या.

काही क्रियापदांना करणाऱ्याच्या बाजूला आयएनजी सहसा लागत नाही, वेगळाच शब्द असतो. स्केअर्डच्या जोडीला स्केअरी, इम्प्रेस्डच्या जोडीला इम्प्रेसिव्ह, स्ट्रेस्डच्या जोडीला स्ट्रेसफुल, डिलाइटेडच्या जोडीला डिलाइटफुल. जशा समोर येतील तशा सांगायच्या, आधी यादी काढून मुलाला घाबरवायचं नाही. भाचीला गंमत म्हणून सांगण्यासारखं बरंच आहे. बर्फ वितळला की तो मेल्टेड, पण लाव्हा मात्र मोल्टन, कारण ते जुनं तिसरं रूप आता विशेषण म्हणूनच उरलंय. विद्वान माणसाला ‘लर्नेड मॅन’ लिहितात आणि ‘लर्निड’ असं दोन अवयवांत वाचतात, जरी क्रियापदाचा भूतकाळ ‘लर्न्ड’ असा एका अवयवात उच्चारला जातो. आणि टॅलेंटेड, बिअर्डेड, लेफ्ट-हॅन्डेड हे ईडीवाले शब्द थेट नामांवरून आलेत. ‘टू टॅलेंट’ असं क्रियापद तिला शोधायला लावा, वेळ मजेत जाईल.

आता तिचा प्रश्न, जो खरं तर तुमच्या पत्रातला सगळ्यात हुशार प्रश्न आहे. ‘अ वरीड लुक’ मध्ये लुक माणूस नाही, तरी ईडी का? कारण चिंता त्या नजरेला झालेली नाही, नजरेच्या मालकाला झालेली आहे आणि नजरेतून ती दिसते. चेहरा, आवाज, हसू, नजर या गोष्टी माणसाच्या मनाचीच बातमी देतात, म्हणून त्यांना माणसाचं विशेषण मिळतं: अ टायर्ड व्हॉइस, अ सरप्राइज्ड स्माइल, अ बोअर्ड एक्स्प्रेशन. मराठीतही आपण ‘दमलेला आवाज’ म्हणतोच की. आवाज काही जिना चढून आलेला नसतो.

तिला एवढ्यावर सोडू नका. ‘अ वरीईंग लुक’ सुद्धा बरोबर आहे का, असं विचारा. बरोबर आहे, पण अर्थ फिरला. आता चिंता बघणाऱ्याला वाटते आहे. समजा डॉक्टर रिपोर्ट वाचतायत आणि कपाळाला आठी पडली आहे. डॉक्टरांच्या बाजूने ती वरीड लुक, समोर बसलेल्या पेशंटच्या बाजूने वरीईंग. तिच्याकडून या एकाच प्रसंगाचे दोन परिच्छेद लिहून घ्या, एक डॉक्टरांच्या तोंडून आणि एक पेशंटच्या. भाच्याला ते वाचू द्या आणि कुठे ईडी हवं, कुठे आयएनजी, ते त्याला तपासायला सांगा. ताईच्या वहीत लाल पेनने खुणा करायला मिळणार म्हटल्यावर तो सुट्टीतही आनंदाने बसेल.